प्रशिक्षणानंतरचा तास

मुलांच्या मनाची काळजी शाळेने घ्यायची, तर ती शाळेतल्या नेमक्या कोणी घ्यायची, हा प्रश्न बिहारमधील नालंदा जिल्ह्याच्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये अतिशय काटेकोरपणे तपासला गेला. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेने ‘सेहेर’ नावाचा हा उपक्रम तेथे राबवला.

शाळांचे तीन गट झाले. एका गटात शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन ही जबाबदारी सोपवण्यात आली. दुसऱ्या गटात तेच काम बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित समुपदेशकाकडे होते; हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. तिसऱ्या गटात राज्याचा किशोरवयीन शिक्षणाचा नेहमीचा कार्यक्रम तेवढा चालू राहिला. काम तसे साधेच होते: मन मोकळे करण्यासाठी चिठ्ठ्यांची पेटी, भित्तिपत्रक, वर्गावर्गातील मुलांचे गट, कार्यशाळा, आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकांतात बोलणे.

२०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशक असलेल्या शाळांमध्ये वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि मारहाण कमी झाली. शिक्षकांनी काम केलेल्या शाळांमध्ये मात्र तिसऱ्या गटाच्या तुलनेत उल्लेखनीय फरक आढळला नाही.

या निष्कर्षावरून शिक्षकांना नाकर्ते ठरवणे अन्यायाचे होईल. समुपदेशक शाळेत आला तो केवळ याच कामासाठी. शिक्षकाचे तास, वह्या, परीक्षा आणि माहितीचे तक्ते यांतले काहीही कमी न होता त्यावर हे काम वाढले. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक या कामांसाठी शिक्षकांना नेमण्याची मुभा तर शिक्षण हक्क कायद्यानेच दिलेली आहे. शिवाय ज्यांच्या हाती गुण आणि शिस्त आहे, त्या गुरुजींना किंवा बाईंना घरातली मारहाण सांगताना मूल कचरते, हेही विसरता येत नाही.

आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमानुसार प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून दर आठवड्याला एक तास घ्यावा, अशी अपेक्षा आहे. त्यातील अकरा विषयांपैकी एक भावनिक स्वास्थ्य आणि मानसिक आरोग्य हा आहे. ही तरतूद मोलाची आहे. पण तो तास वेळापत्रकात छापला गेला नाही आणि त्या शिक्षकाचा दुसरा एखादा तास कमी झाला नाही, तर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कपाटातच राहील, असे नालंदाचा अनुभव पाहता म्हणावे लागते.

शिक्षकाने उपचार करावेत, असे कोणीही म्हणत नाही. अचानक गप्प झालेले, डबा न उघडता परत नेणारे मूल ओळखणे, त्याला चारचौघांत न विचारणे, ऐकताना उपदेश न करणे आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेव्हा योग्य ठिकाणी पोहोचवणे, एवढे त्याला शिकवता येते. मुलाला घरी किंवा बाहेर धोका असेल तर १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६, हे क्रमांक शिक्षकांच्या खोलीत लावलेले असावेत. दारावरचे शिपाईमामा, पोषण आहार वाढणाऱ्या मावशी आणि बसचालक यांनाही त्याच प्रशिक्षणात बसवायला हवे, कारण मूल वर्गात पोहोचण्याआधी त्यांच्या नजरेस पडते आणि त्यांनी पाहिलेले कोणाला सांगायचे, हे आज बहुतेक शाळांत ठरलेले नसते.