‘पी’ लिहायचा कुठं?

पोरांनो, सरांनी पोलिओवर बोला म्हणून सांगितलं, पण मी काय डॉक्टर नाही, बीड जिल्ह्यात मास्तरकी केली आणि पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसलो, तेवढ्यावरच बोलतो.

१९८८ ला जगानं पोलिओ संपवायचं ठरवलं तेव्हा वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास लेकरं लुळी पडत होती. आपल्याकडं १९९५ पासून देशभर मोहीम चालू झाली, तरी २००९ मध्ये भारतात ७४१ केस, जगात सगळ्यात जास्त! बाया विचारायच्या, "गुरुजी, मागच्याच महिन्यात पाजलं की, आता परत कामून?" बरोबरच होतं त्यांचं, मलाही नर्सबाईंनी सांगितल्यावरच कळलं की व्हायरस आतड्यात वाढतो, शौचातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात, त्यामुळं जिथं गर्दी आणि हगवण तिथं एकदोन डोसात भागत नाही.

बूथचं काम सोपं हो, चहा येतो. खरी गंमत सोमवारपासून. घरोघर जायचं, सगळ्या लेकरांचा डोस झाला तर दारावर ‘पी’, कुलूप असलं किंवा लेकरू राहिलं तर ‘एक्स’, आणि एक्सच्या घरी परत जायचं. आता आपल्याकडं दसरा झाला की लोक कोयता घेऊन कारखान्याकडं, मग जानेवारीत वाड्यातांड्यांवर एक्सच एक्स. लेकरं कुठंयत? फडावर.

म्हणून आम्ही दोघं माजलगावकडच्या एका टोळीवर गेलो. आयाबाप पहाटेच ऊस तोडायला गेलेले, खोपीत सातेक वर्षांची पोरगी दोन भावांना सांभाळत बसलेली. म्हणली, झालाय डोस, आणि बारक्याची करंगळी दाखवली, जांभळी. मी वळलो सुद्धा, पण सोबतच्या आशाताई हुशार, म्हणल्या गुरुजी, हा उजवा हात आहे. मार्कर डाव्या करंगळीला लावतात! पोरीनं स्केचपेनानं रंगवली होती, आजीनं सांगितलेलं म्हणे, डोसानं ताप येतो. रागवायचं काय तिला, तिचं डोकं बघून मलाच हसू आलं. कॅरिअरमधली बाटली काढली, लेबलवरचा चौकोन पांढरा आहे ना, म्हणजे लस उन्हातापानं खराब झाली नाही ना, बघितलं, दोन-दोन थेंब दोघांना.

१३ जानेवारी २०११ ला हावड्यात देशातली शेवटची वाइल्ड पोलिओची, म्हणजे मूळ नैसर्गिक व्हायरसची केस, २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट. पाकिस्तान-अफगाणिस्तानात अजून आहे, म्हणून आपला रविवारही अजून चालूच.

हां, ते राहिलंच. डोस झाला, आता ‘पी’ लिहायचा कुठं? खोपी पाचटाची, ना भिंत ना दार. शेवटी आशाताईंनी बैलगाडीच्या फळीवर खडूनं लिहिला. पंधरा दिवसांनी टोळी दुसऱ्या फडावर गेली, आमचा ‘पी’ पण गेला गाडीसोबत.