गाडी पेट्रोल पिते, पण कुठे?

श्रोते हो, नमस्कार.

“लिटरला ६० द्यायची, आता ४५ वर आली. सिग्नलला उभी केली की मिसिंग मारते, इंजिन मधेच अडखळतं.” मोटरसायकल घेऊन गॅरेजमध्ये असं म्हटलं रे म्हटलं, की स्क्रूड्रायव्हर थेट कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे वळतो. पाव आटा इकडे, अर्धा आटा तिकडे. दोन दिवस बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न. माझं म्हणणं एवढंच, की त्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावा.

आधी ॲव्हरेज खरंच पडलंय का ते बघा. शंभराचं पेट्रोल टाकून रिझर्व्ह लागेपर्यंत मोजणं, हा काही हिशेब नव्हे. टाकी एका ठरावीक खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, दोनशेएक किलोमीटर चालवा आणि त्याच खुणेपर्यंत परत भरा. किती लिटर बसलं, त्यानं किलोमीटरला भागा. हल्ली सगळा दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर ढकलायची पद्धत पडली आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, हे खरं. म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांचा फरक. ६० ची ५६ झाली तर समजू शकतो; ४५ झाली तर इथेनॉलला कशाला बोल लावायचा?

मग गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हातानं फिरवा. लगेच थांबलं तर ब्रेक धरतोय किंवा चेन जास्त ताणली आहे. टायरमधली हवाही बघा. यात इंजिनाचा काडीचा संबंध नाही, पण पेट्रोल जातंच. तसंच एअर फिल्टर: धुळीनं भरला, की कार्बोरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं.

आता प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग. दहा-पंधरा किलोमीटर नेहमीच्या वेगात चालवून गाडी बंद करा, इंजिन निवलं की प्लग काढा. बराच वेळ स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता उभी, चालू ठेवलेल्या गाडीचा प्लग उगाच काळा दिसतो आणि फसवतो. टोक विटकरी किंवा कॉफीच्या रंगाचं असेल तर जळण ठीक आहे. बोटाला कोरडी काजळी लागली तर पेट्रोल जास्त: फिल्टर बघा, चोक (थंड गाडी सुरू करताना ओढायची कळ) अर्धवट ओढलेला राहत नाही ना तेही बघा. पांढराफटक असेल तर हवा जास्त. आणि तेलकट, ओला काळा असेल तर ऑइल वर चढतंय. तिथे ट्यूनिंगचा उपयोग नाही, इंजिनातल्या, ऑइल अडवणाऱ्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतात.

मिसिंग कधी मारते, यालाही महत्त्व आहे. फक्त स्लोवर मारत असेल तर कार्बोरेटरमधला स्लो जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) चोंदलेला असतो, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला चीर गेलेली असते. पावसातच मारत असेल तर रात्री अंधारात गाडी चालू करून हात न लावता प्लगची कॅप आणि वायर बघा. निळसर ठिणगी बाहेर उडताना दिसली, तर चोर सापडला.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं मोजून सोडलं जातं. तिथे स्क्रूचा खेळ संपला. इंजिनाचा दिवा लागून राहिला तर स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचायला सांगा. मात्र ब्रेक, हवा, फिल्टर, प्लग हे तिथेही आधी बघायचंच.

आणि मेकॅनिककडे जाल तेव्हा नुसतं “ॲव्हरेज देत नाही” म्हणू नका. थंड असताना मारते की तापल्यावर, स्लोवर की चढाला, हे सांगा आणि प्लग तुमच्यासमोर काढायला लावा.

नमस्कार.