जिवावरचं शेपटीवर

(पावसाचा आवाज. काही क्षण निवेदन नाही.)

ही मोई. काही गावांत हिला शेमट म्हणतात. फांदी तोडून मातीत रोवली की जगते, म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याला आणि कोकणात हिची कुंपणं झाली. उन्हाळ्यात एक पान अंगावर ठेवत नाही. पाऊस लागला की अशी फुटते.

पानाच्या मागे पाहा. मोहरीपेक्षा जरा मोठी, करड्या रंगाची, एका पतंगाची अंडी. 10-12 दिवसांनी त्यातून निघणारी अळी हिरवी नसतेच. तांबूस अंग आणि त्यावर काळा पट्टा. पानाला तोंड लावण्याआधी बहुतेकदा ती स्वतःच्या अंड्याचं कवच कुरतडते.

आता तिला एकच काम. खाणं. चार वेळा कात टाकेपर्यंत तिचा रंग मोईच्या पानाचा झालेला असतो, अंगावर पिवळ्या-नारिंगी गाठी आणि गाठींवर राठ केस. हे दृश्य नीट बघा : अळी फांदीवर चांगली बोटाएवढी आहे, तरी ती हलेपर्यंत आपल्याला दिसली नव्हती. मोईचं पान या अळीचं कोठार आहे. पुढच्या जन्मभराची शिदोरी तिला इथेच बांधायची असते.

कारण या पतंगाला खायला तोंडच नसतं.

(कोष, जवळून.)

दोन-तीन पानं ओढून आत विणलेला हा कोष. वाळलेल्या पानांत पडला तर पाचोळाच वाटतो. आणि पाचोळा म्हणूनच तो झाडला जातो, जाळला जातो.

आत खुडखुड सुरू झाली आहे. कोषाचं टोक ओलं होतंय. आधी पाय, मग पांढरं, लोकरीसारखं अंग. पंख? हे चुरगळलेले, ओल्या फडक्यासारखे लोंबणारे तुकडे म्हणजेच पंख. पतंग फांदीला उलटा लटकतो आणि अंगातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलत राहतो. घाई नाही. सुरकुत्या एकेक करून उलगडतात. शेपट्या सगळ्यात शेवटी सुटतात.

हा मून मॉथ. फिकट पोपटी पंख, पुढच्या कडेला गडद किरमिजी रेघ, चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक ठिपका. पंख पसरले की आपल्या तळहातापेक्षा रुंद. शास्त्रीय नाव ॲक्टियास सेलेनी. सेलेनी ही ग्रीकांची चंद्रदेवता.

आता या शेपट्या. त्या शोभेसाठी नाहीत.

बऱ्याच जातींच्या पतंगांना वटवाघळाची हाक ऐकू येते. ऐकली की ते गिरकी घेतात, सरळ खाली पडतात. मून मॉथच्या कुळाला कानच नाहीत. अंधारात काय चालून येतंय, याला कळत नाही. पण उडताना त्या लांब शेपट्यांची टोकं सतत पिळ घेत फिरतात. वटवाघूळ आवाजाच्या पडसादावर शिकार करतं, आणि त्या फिरणाऱ्या टोकांचा पडसाद त्याला भुलवतो. झडप अंगावर न पडता शेपटीवर पडते.

2015 साली अमेरिकेत जेसी बार्बर आणि सहकाऱ्यांनी याच्याच भाऊबंदांवर, लूना मॉथवर, हे तपासलं. शेपट्या काढलेले पतंग वटवाघळांनी 10 पैकी 8 वेळा पकडले. शेपट्या असलेले 10 पैकी साडेतीन वेळाच. ‘जिवावरचं शेपटीवर निभावलं’ असं आपण सहज बोलून जातो. इथे ते शब्दशः खरं आहे.

(रात्र. नराच्या मिशा, जवळून.)

नराच्या या पिसासारख्या मिशा. मादी एका जागी बसून गंध सोडते, आणि तो दुरून या मिशांवर पकडून नर येतो. हातात जेमतेम आठवडा. त्यातली एक रात्र अंगणातल्या पांढऱ्या दिव्याभोवती गेली तर ती परत मिळत नाही. मोईच्या कुंपणांच्या जागी आता चिऱ्याच्या आणि सिमेंटच्या भिंती उभ्या राहतायत.

(पहाट.)

हीच ती मादी, पाच रात्रींनंतर. पंखांची कड विरली आहे. उजवी शेपटी अर्ध्यावर तुटलेली.

ती मोईच्या पानाखाली अंडी घालते आहे.

(निवेदन नाही. पावसाचा आवाज वाढत जातो.)