आधी लक्ष्य बोला, मग फासे उचला

मित्रहो, मेमॉयर '४४ कसा खेळतात हे या खोलीत कुणाला शिकवायची गरज नाही. रिचर्ड बोर्ग यांचा हा दुसऱ्या महायुद्धावरचा पटावरचा खेळ २००४ साली, दोस्त सैन्याच्या नॉर्मंडीवरच्या स्वारीला साठ वर्षं होत असताना आला आणि हिरव्या-करड्या प्लास्टिकच्या सैनिकांनी आपल्या सगळ्यांच्या रविवारच्या दुपारी काबीज केल्या. आज मला बोलायचंय ते दृष्टिरेषेवर, म्हणजे मारणाऱ्याला लक्ष्य दिसतं की नाही यावर, आणि पत्ता टाकण्याच्या वेळेवर. या दोन्हींवरून होणारे वाद एकाच सवयीनं मिटतात असं माझं ठाम मत आहे. ती सवय शेवटी सांगतो, कारण त्याआधी एक जुनी तक्रार मोकळी करायची आहे.

एका स्पर्धेत, नाव घेत नाही, पंच म्हणून उभे असलेले गृहस्थ दर वादाला टेबलापाशी वाकायचे, सैनिकाच्या डोक्यामागे एक डोळा मिटून बघायचे आणि निकाल द्यायचे: "दिसतोय." दुसऱ्या वेळी त्याच जागेवरून: "नाही दिसत." का, तर मधल्या काळात कुणाचा तरी हात लागून सैनिक अर्धा इंच सरकलेला! वॉरहॅमरसारख्या पुतळ्यांच्या युद्धखेळात पुतळ्याच्या डोळ्यांतून बघणं रास्त आहे. तिथे नियमच तसा आहे. आपल्या पटावर षटकोनी घरं असतात, आणि सैनिक षटकोनात कुठे उभा आहे, त्याचं तोंड कुठे आहे, बंदूक वर आहे की खाली, याला काडीची किंमत नाही. रेषा काढायची ती मारणाऱ्याच्या षटकोनाच्या मध्यापासून लक्ष्याच्या षटकोनाच्या मध्यापर्यंत. मधल्या एखाद्या षटकोनातून ती गेली आणि तिथे जंगल, गाव, टेकडी, झुडपी बांध किंवा कुठलंही युनिट (एका षटकोनातली सैनिकांची, रणगाड्यांची किंवा तोफांची तुकडी) असलं, तर अडली. टेकड्यांचा पोटनियम आहे, पण त्यावर सहसा भांडण होत नाही. लक्ष्य ज्या षटकोनात आहे तिथलं जंगल रेषा अडवत नाही, ते फक्त फासे कमी करतं. आणि आपलं स्वतःचं युनिटही रेषा अडवतं. हे ऐकून नवीन माणूस दर वेळी दुखावतो. पण आपल्याच माणसांच्या पाठीतून गोळ्या कशा झाडणार?

बांधांचं आलं म्हणून सांगतो, विषयाला सोडून नाही. नॉर्मंडीतले ते बांध म्हणजे आपल्या शेताचा बांध नव्हे. मातीचा उंच वरंबा, त्यावर शतकानुशतकं वाढलेली झाडं-झुडपं, मुळं आत गुंफलेली. १९४४ च्या जूनमध्ये अमेरिकन रणगाडे त्यावर चढायला गेले की पोट वर व्हायचं, आणि रणगाड्याचं पोट म्हणजे सगळ्यात पातळ पत्रा. कर्टिस क्युलिन नावाच्या सार्जंटनं रणगाड्याच्या तोंडाला पोलादी दात बसवायची युक्ती पुढे रेटली. पोलाद कुठलं? जर्मनांनीच किनाऱ्यावर रोवलेल्या अडथळ्यांचं! एका शेतातून पलीकडच्या शेतातलं दिसत नव्हतं, हीच त्या महिन्यांतली खरी लढाई होती. म्हणून पटावर कुणी "जाऊ दे रे, एक बांध काय अडवणार" म्हटलं की मला राहवत नाही.

आता कडेची भानगड. रेषा बरोबर दोन षटकोनांच्या सामाईक कडेवरून गेली तर? नियम स्वच्छ आहे: एका बाजूला अडथळा असेल तर दिसतं, दोन्ही बाजूंना असेल तरच अडतं. लोक या नियमाला उगाच घाबरतात. कागदावर काढून बघा. शेजारच्या षटकोनाला काही आड येतच नाही. तीन षटकोनांवर रेषा कडेवरून कधीच धावत नाही. उरलं दोनाचं अंतर. तिथे भोवती १२ षटकोन असतात, त्यांतल्या सहांकडे सरळ रांगेतून जाता येतं आणि उरलेल्या सहांकडे जाणारी रेषा कडेवरून धावते. पायदळ आणि रणगाडे तीनच्या पुढे मारत नाहीत, तोफखान्याला दृष्टिरेषा लागतच नाही. म्हणजे मूळ पेटीतल्या नेहमीच्या युनिटांपुरता हा सगळा गोंधळ त्या सहा षटकोनांचा आहे. ते सहा ओळखायला शिका, रेषा तपासायची दोरी आणि लेझर घरी ठेवा.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

आपल्या पाळीत सगळ्या हालचाली आधी संपतात, मग लढाया, एकेका युनिटची. म्हणून दृष्टिरेषा पाळीच्या सुरुवातीला एकदाच तपासून चालत नाही. पहिल्या लढाईत मधलं शत्रू-युनिट मेलं किंवा मागे हटलं, तर तुमच्या दुसऱ्या युनिटला नवी वाट दिसते. कुणी आधी मारायचं हा क्रम म्हणजेच निम्मं डोकं.

आणि अँबुश, म्हणजे दबा धरून मारणं. हा पत्ता समोरच्याच्या पाळीत पडतो: त्यानं लगतच्या युनिटवर हल्ला जाहीर केल्यावर आणि फासे टाकण्याआधी. बचाव करणारा आधी मारतो. हल्लेखोर मेला नाही आणि हटला नाही, तर तो मग आपला हल्ला करतो आणि एकच पुतळा उरला असला तरी पूर्ण फाशांनी करतो, कारण या खेळात फासे डोकी मोजून मिळत नाहीत. तो हटला, तर त्याच्या नव्या जागेमुळे इतरांच्या रेषा उघडतात किंवा बंद होतात. आता सांगा, हल्लेखोरानं काही न बोलता फासे भिरकावले तर अँबुशवाल्यानं पत्ता टाकायचा कधी? खो-खोत स्पर्श आणि 'खो' हा शब्द एकदमच यावा लागतो, तोही सगळ्यांना ऐकू येईल असा. इथेही तसंच, शब्द मोठ्यानं हवा. हीच ती सवय: "हे युनिट, ते लक्ष्य, एवढं अंतर, रेषा मोकळी, एवढे फासे." मग क्षणभर थांबा, समोरच्याकडे बघा आणि मगच फासे. रेषेवर हरकत घ्यायची तीही त्याच क्षणी, दान पडल्यावर नाही.

काउंटर-अटॅक, म्हणजे प्रतिहल्ल्याच्या पत्त्याची याच्याशी गल्लत करू नका. तो मध्येच टाकायचा नाही. आपल्या पाळीत, समोरच्यानं नुकत्याच खेळलेल्या पत्त्याची नक्कल म्हणून तो येतो, आणि तो पत्ता पटाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूचा असेल तर डावं-उजवं उलटतं.

टेकड्यांबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी मधल्या टेबलावर या, तिथे या खेळातला पेगासस ब्रिजच्या लढाईचा डाव मांडून ठेवला आहे.