पंचवीस डिसेंबरची पंगत

[दृश्य: अंधारा रस्ता. बंद भुयारी स्थानकाचं लोखंडी दार.]

लंडन. २५ डिसेंबर, सकाळचे सात. उजाडायला अजून तासभर आहे. आज भुयारी रेल्वे नाही, लाल बसगाड्याही आगारातच. मोठी दुकानं तर कायद्यानेच बंद. २००४ च्या कायद्याप्रमाणे इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान नाताळच्या दिवशी उघडता येत नाही. एरवी उबेला बसता येतं ती वाचनालयंही बंद. उघड्यावर झोपणाऱ्याने दिवस काढायचा कुठे? आणि चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचं गल्ल्यावरच्या मुलीशी जे दोन वाक्यं बोलणं व्हायचं, तेही आज होणार नाही.

अशा दिवशी चर्चच्या हॉलमध्ये बेघर आणि एकटे असे ८० पाहुणे जेवायला यायचे आहेत. बरोबर २० स्वयंसेवक, म्हणजे १०० ताटं. हे काम हाती घेणारी नवी मंडळी सगळ्यात आधी टर्कीची, म्हणजे नाताळच्या ताटातल्या त्या मोठ्या पक्ष्याची, चिंता करतात. टर्की शिजते. अवघड असतं ते माणूस घरातून निघून इथवर पोचणं, आणि जेवण झाल्यावर त्याचं परत जाणं.

[दृश्य: ऑक्टोबर. हॉलमध्ये टेबलं मांडून मोजमाप चाललं आहे.]

तयारी ऑक्टोबरमध्ये सुरू होते, कारण हॉल, व्हॅन आणि चालक या तिन्ही गोष्टी नंतर मिळत नाहीत. हॉल बघायला जाताना टेप बरोबर हवी. दीड मीटर व्यासाच्या गोल टेबलाभोवती आठ खुर्च्या बसतात, पण सातच मांडलेल्या बऱ्या. व्हीलचेअरला जागा राहते, आणि सातवी खुर्ची स्वयंसेवकाची. तो वाढपी नाही, त्या टेबलाचा यजमान. तो पाहुण्यांबरोबर जेवतो. कडेला हात बांधून उभ्या असलेल्या माणसांसमोर कुणालाही घास गोड लागत नाही.

‘पाहुणे’ हा शब्दही विचारपूर्वक निवडलेला आहे. १९६७ साली स्थापन झालेली ‘क्रायसिस’ ही संस्था नाताळात बेघरांसाठी केंद्रं उघडते, आणि तिथे येणाऱ्यांना पाहुणेच म्हणतात. मँचेस्टरमध्ये २०१३ साली कवी लेम सिसे यांनी नाताळचं जेवण सुरू केलं ते अनाथालयांतून आणि पालक-कुटुंबांतून बाहेर पडलेल्या १८ ते २५ वर्षांच्या मुलांसाठी. सिसे स्वतः असेच वाढले होते. एकटेपणा फक्त म्हाताऱ्यांच्या वाट्याला येतो, असं मानणाऱ्या आयोजकांच्या यादीत ही मुलं कधीच येत नाहीत.

[दृश्य: सूचनाफलकावर एक साधं पोस्टर.]

पोस्टरवर ‘एकाकी लोकांसाठी जेवण’ असं लिहिलंत, की हॉल रिकामा राहिलाच समजा. त्या पाटीखालून आत शिरायला कोण तयार होईल? ‘नाताळचं जेवण, दुपारी एक वाजता, गाडीची सोय आहे’ एवढं पुरतं. खरी निमंत्रणं तोंडीच पोचतात. डॉक्टरांच्या दवाखान्यातली स्वागतिका, औषधांच्या दुकानातला माणूस, घरोघरी जेवणाचे डबे पोचवणारे, रात्रनिवाऱ्यातले कर्मचारी, यांना कोण एकटं आहे ते ठाऊक असतं. काही जण ‘मला नको, दुसऱ्या कुणा गरजूला द्या’ म्हणतात. त्यांना विचारावं, ‘बटाटे सोलायला याल का?’ ते येतात, आणि मग जेवूनच जातात.

होकार देणारे सगळे येत नाहीत. सकाळी उठल्यावर धीर सुटतो, गुडघा दुखतो, कोणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. म्हणून २३ तारखेला एक फोन आणि २४ ला दुसरा, शक्यतो दोन्ही वेळा एकाच माणसाने केलेला. २५ ला चालक गाडीत बसून हॉर्न देत नाही. खाली उतरतो, घंटा वाजवतो, थांबतो.

चालकांचं गणित सरळ आहे. गाडीने येणारे ३५ पाहुणे, एका गाडीत तीन, म्हणजे बारा फेऱ्या. प्रत्येक फेरीला पाऊण तास धरा. साडेअकरा ते एक या वेळेत एक गाडी दोनच फेऱ्या करते. म्हणजे सहा गाड्या लागतात. सातवी राखीव, कारण एखादी गाडी थंडीत सुरू होत नाही. चालकाने स्वयंसेवेबद्दल विमा कंपनीला आधी कळवायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं. गाडीत चालकाबरोबर दुसरं माणूस हवं.

[दृश्य: हॉलचं स्वयंपाकघर. एकच ओव्हन, सहा शेगड्या.]

आता टर्की. गोठवलेली टर्की पाच अंशांच्या फ्रिजमध्ये वितळायला किलोमागे दहा ते बारा तास घेते. सहा किलोची असेल तर बहात्तर तास धरायचे. २४ च्या सकाळी शिजवायची तर २१ च्या सकाळीच फ्रीझरमधून निघायला हवी. पाच टर्क्या घरगुती फ्रिजमध्ये मावत नाहीत, म्हणून कुणीतरी त्या रात्रभर ओट्यावर ठेवतं. बाहेरचं मांस कोमट होतं, आत बर्फ तसाच. भाजल्यावर मांडीच्या सांध्याशी मांस कच्चं राहतं, आणि पाहुण्यांमध्ये आजारी, अशक्त माणसं जास्त. टर्की नळाखाली धुवायचीही नाही. शिंतोड्यांबरोबर जंतू अख्ख्या ओट्यावर पसरतात.

आमचा स्पष्ट सल्ला: अख्खा पक्षी आणूच नका. बिनहाडाची, गुंडाळी करून बांधलेली छाती घ्या. माणशी १८० ग्रॅम कच्चं मांस. टर्की खाणारे ६५ धरले तर बारा किलो. २४ तारखेला भाजा. मधोमध थर्मामीटरची सळई खुपसून ७० अंश दोन मिनिटं टिकले की झालं. उथळ ट्रेमध्ये पसरून दीड तासात गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. गार मांसाचे काप नीट पडतात. दुसऱ्या दिवशी ते गरम ग्रेव्हीत वाफ येईपर्यंत तापवा आणि वाढेपर्यंत ६३ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. अख्ख्या टर्कीचा थाट जातो हे खरं. पण ज्यांचे दात पडलेत किंवा किडलेत, त्यांना ग्रेव्हीत मुरलेला मऊ काप चावता येतो.

वेळापत्रक कोलमडतं ते बटाट्यांवर. माणशी पाव किलो, म्हणजे पंचवीस किलोचं एक पोतं. भाजलेला बटाटा कुरकुरीत हवा, तर ट्रेमध्ये एकच थर लागतो. एका ट्रेमध्ये अडीच किलो, म्हणजे दहा ट्रे. ओव्हनमध्ये मावतात तीन. एक खेप तासाची. दाटी केली की बटाटे भाजण्याऐवजी वाफवले जातात आणि फिकट, गिळगिळीत निघतात. उपाय दोन: शेजारच्या शाळेचा ओव्हन मागून घ्या, किंवा सकाळी नऊपासून खेपा सुरू करून शेवटची दहा मिनिटं सगळे ट्रे आळीपाळीने पुन्हा तापवा. उकडून ठेवणं २४ लाच. गाजरं आणि ब्रसेल्स स्प्राउट्स दहा-दहा किलो. ग्रेव्ही दहा लिटर पुरेल असं कागदावर वाटतं, प्रत्यक्षात बारा लागते.

शाकाहारींना नट रोस्ट, म्हणजे सुकामेव्याचा भाजलेला लगदा, द्यायची इथली पद्धत आहे. १०० माणसांच्या स्वयंपाकघरात सुकामेवा आणूच नये. मसूर आणि मशरूमचा ‘पाय’ (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) करा. ब्रिटनच्या नियमांत अ‍ॅलर्जीचे १४ घटक आहेत. प्रत्येक पदार्थापुढे त्यांचा तक्ता लिहून भिंतीवर लावायचा. सगळं मांस हलाल आणलं की प्रश्न मिटला, असं कुणाला वाटतं. पण बरेच शीख पाहुणे हलाल खात नाहीत. त्यांच्यासाठी हा पायच भरपूर करावा. बेकन गुंडाळलेल्या सॉसेजचा ट्रे आणि चिमटा वेगळा.

आणि दारू कशातच नको. टेबलावरच्या बाटलीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण ख्रिसमस पुडिंगमध्ये ब्रँडी असते, मिन्स पायमध्ये असते, ट्रायफलमध्ये शेरी असते. दारू सोडून सहा महिने झालेल्या माणसाच्या पुढ्यात ते नकळत येऊ नये. भेटीच्या पिशवीतला माउथवॉशही बिनअल्कोहोलचा घ्यायचा.

[दृश्य: चहाचा मोठा बंब. अचानक दिवे जातात.]

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये हे होतं. चहाचा बंब तीन किलोवॉटचा. वीस लिटर पाण्याला उकळी यायला पाऊण तास. दोन बंब आणि गरम ठेवायची ट्रॉली एकाच ३२ अँपिअरच्या सर्किटवर लावली की नऊ किलोवॉट होतात, आणि ते सर्किट सोसतं जेमतेम सात. जेवणाच्या ऐन वेळी वीज जाते, आणि फ्यूजच्या खोलीची किल्ली नेमकी सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या खिशात. २० तारखेला सगळी उपकरणं एकदम लावून बघा. किल्ली आपल्याकडे घेऊन ठेवा.

[दृश्य: दार उघडतं. एक माणूस, पाठीवर बोचकं, दोरीला कुत्रा.]

कुत्र्याला मज्जाव असेल तर हा माणूस आत येणार नाही. पाच पाउंडांचं जेवण असो वा पन्नासचं, तो जिवलगाला बाहेर बांधून ठेवणार नाही. एक कोपरा, जुनं ब्लँकेट, पाण्याचं भांडं, एवढंच लागतं. मात्र प्रेमापोटी कुत्र्याला पुडिंग भरवू नका. मनुका, कांदा, चॉकलेट त्याला विषासारखे, आणि शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात. दाराशी सामान ठेवायची जागा हवी, प्रत्येक बोचक्याला चिठ्ठी. मोबाइल चार्ज करायच्या पट्ट्याही हव्यात.

ताटाशेजारचे क्रॅकर, म्हणजे दोन टोकांनी ओढून फोडायच्या कागदी नळ्या, ओढले की फटाक्यासारखे वाजतात. माजी सैनिक, मारहाण सोसलेल्या बायका दचकतात. आधी सांगून, सगळ्यांनी एकदम ओढायचे, किंवा आतली वाजणारी पट्टी काढून टाकायची. ताट पहिल्यांदा लहानच वाढा. बरेच दिवस अर्धपोटी राहिलेल्याला डोंगराएवढं ताट सोसत नाही. नंतर हवं तितक्या वेळा वाढा. आपल्या पंगतीतला ‘घ्या हो, घ्या’चा आग्रह इथे आवरलेला बरा.

तीन वाजता टीव्हीवर राजाचं भाषण. ही प्रथा १९३२ पासूनची, आधी रेडिओवर होती. आजी-आजोबांना ते हवं असतं, तरुणांना नको. टीव्ही बाजूच्या खोलीत ठेवा.

[दृश्य: चार वाजत आले. बाहेर अंधारतंय.]

चारच्या आत सूर्य मावळतो, आणि ज्याची व्यवस्था आधीपासून करायची तो प्रश्न आता उभा राहतो. चार वाजता हॉल बंद करून बेघर पाहुण्याला ‘नाताळच्या शुभेच्छा’ म्हणत बंद शहरात सोडणार? रात्रनिवाऱ्याशी खाटांचं बोलणं डिसेंबरच्या सुरुवातीलाच झालेलं असावं, आणि तिथवर व्हॅन हवी. उरलेली टर्की त्याच्याबरोबर बांधून देऊ नका, फ्रिज नसलेल्या माणसाकडे ती रात्रीत खराब होते. टॅब खेचून उघडणारे डबे, बिस्किटं, जाड मोजे, हातमोजे द्या.

घरी सोडताना चालकाने दारापर्यंत जायचं. आत हीटर चालू आहे का, विजेच्या प्रीपेड मीटरमध्ये पैसे आहेत का, हे विचारायचं. नसतील तर समन्वयकाला तिथूनच फोन करायचा.

नाताळच्या दिवशी स्वयंसेवक हवे त्याहून जास्त मिळतात. नावं नोंदवतानाच त्यातल्या सहा जणांना २५ ऐवजी २७ तारीख द्या. ८० जणांची यादी, माणशी तेरा-चौदा फोन, आणि जे उचलणार नाहीत त्यांच्या दारावर संध्याकाळच्या आत एक थाप.