निसर्गातल्या शिवणी

श्रोतेहो, नमस्कार.

पानांच्या नक्षीची गोधडी करायची म्हटलं की हिरव्या कापडातून पानं कापायची, कडा आत दुमडायच्या आणि टाके घालून ती बसवून टाकायची. कितीतरी वर्षं मी हेच करत आले. ती पानं ओळखू यायची, पण त्यांत जीव नव्हता.

मग एकदा जाळी पडलेलं एक वाळकं पान उजेडासमोर धरलं. मधून एक ठसठशीत शीर, तिच्या दोन्ही अंगांना तिरप्या फुटलेल्या उपशिरा आणि त्यांच्या मधे बारीक बारीक कप्पे. पान मुळातच तुकडे जोडून केलेलं! तेव्हापासून बाहेर पडले की माझी नजर जोड शोधते. कोणती रेघ कुठे येऊन मिळते, ते आधी बघायचं. पानाची मधली शीर म्हणजे एक अरुंद पट्टी आणि तिला दोन्हीकडून तिरप्या जोडलेल्या पट्ट्या. फक्त तिरप्या कापलेल्या कडा उरेब असतात, चटकन ताणल्या जातात. इस्त्री दाबून ठेवा, फिरवू नका.

मधमाश्यांचं पोळं तर सगळ्यांना मोह घालतं. तिथे तीन भिंती १२० अंशांत भेटतात, आणि कापडात नेमकं तेच अवघड जातं. शिवण कडेपर्यंत न नेता पाव इंच आधीच थांबवावी लागते, नाहीतर तिसरा षटकोन बसतच नाही. म्हणून प्रत्येक तुकडा कागदी षटकोनावर दुमडून हातानं जोडायची पद्धत आहे. वेळखाऊ आहे, पण कोपरे सुरेख जुळतात.

रंगांसाठी झाडाच्या खोडाजवळ जा. लांबून तपकिरी दिसणारं खोड जवळून राखाडी, शेवाळी, गंजकट निघतं. निवडलेली कापडं शेजारी ठेवून मोबाईलवर त्यांचा काळापांढरा फोटो काढा. दोन कापडं सारखीच दिसली, तर त्यांच्यामधली शिवण नजरेत भरणार नाही.

धावदोऱ्याच्या रेघाही निसर्गातून येतात. हवाई बेटांवरच्या बायका आठपदरी दुमडलेल्या कापडातून नीरफणसाच्या पानांची नक्षी कापतात, आणि मग तिच्या कडेभोवती सारख्या अंतरानं टाक्यांच्या रेघा घालत जातात, पाण्यावर तरंग पसरावेत तशा. ही युक्ती कुठल्याही आकाराला शोभते.

पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती वाळलेल्या चिखलातली भेगांची नक्षी. आधी एक लांब भेग पडते. तिच्या आजूबाजूच्या मातीतला ताण सुटतो, म्हणून नंतरची भेग तिला काटकोनात येऊन मिळते आणि तिथेच थांबते. चिखल पुन्हापुन्हा भिजला-सुकला, की हेच जोड हळूहळू पोळ्यासारखे १२० अंशांकडे झुकतात. मी घेतली ती पहिल्यांदाच सुकलेली, काटकोनांची नक्षी, कारण ती सरळ शिवणीत बसते. फक्त क्रम उलटा. आधी आखूड भेगा शिवून गट करायचे, मग ते गट लांब भेगेवर जोडायचे. सध्या तीच गोधडी माझ्या हातात आहे. आखूड शिवणी झाल्यात, दोन्ही अर्धे तयार आहेत. मातीत सगळ्यांत आधी पडलेली भेग मी सगळ्यांत शेवटी शिवणार आहे.