समासातला लेखक

नमस्कार, श्रोतेहो.

शाळेच्या वहीत आपण पट्टी धरून समास आखायचो, आठवतं? आज अशाच एका समासाबद्दल बोलायचं आहे. कॅप्टन अमेरिका, हल्क, थॉर, एक्स-मेन ही नावं आता घराघरातल्या मुलांना पाठ असतात. या सगळ्यांना ज्यांनी रूप दिलं, ते अमेरिकी कॉमिक्स-चित्रकार जॅक कर्बी.

मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. जन्म १९१७चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतला. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला. गल्लीगल्लीत पोरांच्या टोळ्या आणि रोजच्या मारामाऱ्या. कर्बींच्या चित्रातला ठोसा बघताना आपण नकळत मागे सरकतो, त्याचं मूळ मला त्या गल्ल्यांत दिसतं. १९४१ साली जो सायमन यांच्या जोडीनं त्यांनी कॅप्टन अमेरिका आणला. पहिल्याच मुखपृष्ठावर तो हिटलरच्या थोबाडीत ठोसा हाणतो आहे, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती! पुढे कर्बी स्वतः सैनिक म्हणून फ्रान्समध्ये लढले. तिथल्या थंडीनं पाय कापावे लागतात की काय, अशी वेळ त्यांच्यावर आली होती.

पण त्यांचा खरा बहर १९६१ नंतरचा, मार्व्हल या कॉमिक्स कंपनीतला. संपादक स्टॅन ली यांच्याशी कथेबद्दल थोडं बोलणं व्हायचं, कधी तेवढंही नाही. मग कर्बी घरी तळघरात बसून वीस-बावीस पानांची गोष्ट चौकटीमागून चौकट रचत. काय घडतंय, कोण काय म्हणतंय, हे पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवत. ते पाहून ली पात्रांच्या तोंडच्या फुग्यांतले संवाद लिहीत. अंक छापताना समास गळून जाई. बहुतेक अंकांवर लेखक म्हणून नाव लींचं, कर्बी चित्रकार.

१९६६ सालची गोष्ट. पृथ्वी गिळायला येणाऱ्या गॅलॅक्टसची कथा ठरली होती. पानं आली तर त्यात फळीवर उभा राहून अवकाशात तरंगणारा एक चंदेरी माणूस! हा कोण, असं लींनी विचारलं. एवढ्या प्रचंड शक्तीच्या पुढे कुणीतरी दूत हवाच, असं कर्बींना वाटलं होतं. सिल्व्हर सर्फर जन्मला तो असा. आता मला सांगा, याला लेखन म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

१९७० साली ते डीसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीत गेले आणि लिहिणं, काढणं दोन्ही स्वतः करू लागले. त्यांचे संवाद लींसारखे खुसखुशीत नसत, हे मान्य. त्या मालिकाही फार टिकल्या नाहीत. पण त्यातला डार्कसाइड आजही डीसीचा सर्वांत भयंकर खलनायक आहे.

मार्व्हलसाठी काढलेली हजारो मूळ पानं मात्र कंपनीकडेच होती. ती परत मागितल्यावर आधी फक्त ८८ देऊ केली गेली, तीही जाचक अटींवर. अनेक चित्रकार त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा कुठे १९८७मध्ये दोनेक हजार पानं घरी आली. १९९४ साली कर्बी गेले. कुटुंबाचा कंपनीशी समेट व्हायला २०१४ उजाडलं.

त्या काळची मूळ पानं आज कुठे पाहायला मिळाली, तर चित्राआधी कडेला बघा. पेन्सिलीची ती अक्षरं अजून पुसलेली नाहीत.